दुधाच्या वेळेआधी नऊ डाव

आमच्या नॉटबर्गा गावच्या बेसबॉल संघात नऊ जण खेळायचे आणि त्यातल्या सहा जणांच्या गोठ्यात दुभत्या गाई होत्या. उरलेले तिघे म्हणजे सेव्हरिन बेकरीवाला, शाळेचे मास्तर आणि न्हावी. रविवारी पाच वाजले, की ते सहा जण टोपी काढून अंपायरला मान लववायचे आणि मैदान सोडून घरची वाट धरायचे, मग खेळ कुठल्याही डावात असो. त्यावर कुणी वाद घालत नसे. कास भरलेल्या गाईला धावसंख्या समजावून सांगता येत नाही. आणि उरलेल्या तिघांना खेळता येत नाही, म्हणून सामना समोरच्यांच्या नावावर जायचा. आदल्या उन्हाळ्यात चार धावांनी पुढे असताना आम्ही असाच एक सामना हरलो होतो. त्या दिवशी दूध मात्र भरपूर निघालं.

माझा धाकटा भाऊ लायनस हा संघाचा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. आईवडील गेल्यावर शेत आम्ही दोघंच सांभाळत होतो. गाई चौदा, सात त्याच्या आणि सात माझ्या. मिसरूड फुटायच्या वयापासून तो गावासाठी चेंडू टाकत आला होता आणि आता चाळिशीला टेकला होता. राज्य स्पर्धेला एकदा जायला मिळावं, एवढी एकच गोष्ट त्याने देवाकडे मागितली होती. तीही माझ्यामार्फत, कारण स्वतः मागायची त्याला लाज वाटायची. "तू रोज जपमाळ करतेसच ना ओटी, मग त्यात माझंही एक ढकलून दे," असं म्हणायचा. मी रोज ढकलत होते. पण त्या वर्षी त्याचा खांदा इतका धरायचा, की चर्चमध्ये मिस्साला जाताना कोटाची बाही मला धरावी लागे. पुढच्या उन्हाळ्यात तो हात वर जाणार नाही हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. आम्ही बोलत नव्हतो इतकंच. ऑगस्टमधल्या त्या रविवारी हार्टविकच्या संघाला हरवलं तर राज्य स्पर्धा, नाहीतर खेळ कायमचा संपला.

लायनसची एक खोड सगळ्या जिल्ह्याला माहीत होती. चेंडू हातात आला, की तो टोपी काढी, कपाळ पुसी, टोपी घाली, ती पुन्हा नीट करी. मग थोडी माती उचलून बोटांत चोळी. मग आभाळाकडे बघे, जणू चेंडू टाकायला हवामान योग्य आहे की नाही ते पाहतोय. सेव्हरिन आमचा कॅचर. तो फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून बोटांनी खूण करायचा, कुठला चेंडू टाकायचा त्याची. लायनस मान हलवून नाही म्हणायचा. दुसरी खूण, पुन्हा नाही. शेवटी पहिलीच खूण आली की हो. सेव्हरिनची बायको लिओकाडिया माझ्या शेजारी फळीवर बसायची. ती म्हणायची, "तुझ्या भावाच्या दोन चेंडूंमध्ये माझं लोणी निघतं गं ओटी."

पण तेच त्याचं शस्त्र होतं. वाट बघून बघून फलंदाजाला घाम फुटायचा, बॅट जड व्हायची आणि मग तो वैतागून काहीही मारायला जायचा. संथपणावर लायनसने पुष्कळ सामने जिंकून दिले होते.

हार्टविक हे ग्रॅनाइटच्या खाणींचं गाव. तिथल्या कुणाकडे गाय नाही. रविवारी त्यांना कसलीच घाई नसे. त्या वर्षी त्यांचा संघ चालवायला ओस्कर नीमान आला होता. ओस्कर मूळचा आमच्याच गावचा, आमच्या शेताला लागून त्यांचं शेत. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायचा आणि मागे वळून माझी पेन्सिल मागायचा. विशीत त्याने वडिलांना सांगितलं, की जन्मभर गाईच्या बुडाकडे बघत बसणार नाही, आणि खाणीत गेला. तेव्हा आमच्या गाई किती वाजता हंबरायला लागतात हे हार्टविकमध्ये कुणाला माहीत असेल, तर ते त्याला.

त्या दिवशी त्यांचा ट्रक आधी उशिराच आला.

"टायर बसला," ओस्कर अंपायरला म्हणाला.

"चारही चाकं धुळीने सारखीच माखलीत," लिओकाडिया मोठ्याने म्हणाली. तिला हळू बोलता येत नाही.

मग खेळ सुरू झाला आणि काय चाललंय ते दुसऱ्या डावातच सगळ्यांना कळलं. त्यांचा फलंदाज यायचा, बॅट हातात तोलून बघायचा, ती पसंत न पडून दुसरी आणायला परत जायचा. एकाच्या बुटाची नाडी सुटायची. एकाच्या डोळ्यांत कुसळ जायचं आणि ते काढायला दोघं जण यायचे. आम्ही फलंदाजी करताना त्यांचा कॅचर दर दोन चेंडूंनी उठून त्यांच्या पिचरपाशी जायचा आणि दोघं खांद्याला खांदा लावून बोलत उभे राहायचे.

"एवढं काय बोलतात?" लिओकाडिया म्हणाली. "सोयरीक जुळवतायत का?"

आणि आमचा लायनस चेंडू टाकायच्या उंचवट्यावर उभा राहून टोपी काढत होता, पुसत होता, घालत होता. त्यांना जेवढा वेळ घालवायचा होता त्यातला निम्मा तोच फुकट पुरवत होता.

सामन्याला पाण्याची बादली आणि ओगराळं घेऊन बाकापर्यंत जायचं काम माझं. पाचवा डाव संपला तेव्हा दोन्हीकडे दोन-दोन धावा होत्या. मी गेले तेव्हा सगळे मास्तरांच्या घड्याळाकडे बघत होते.

"चार वाजून गेले," मास्तर म्हणाले.

"या हिशेबाने सातव्या डावात तुम्ही सहा जण कासेखाली बसलेले असणार," सेव्हरिन म्हणाला. "आणि मैदानावर आम्ही तिघं. मास्तर हार्टविकवाल्यांना पाढे शिकवतील, न्हावी दाढी करील, मी पाव वाटीन."

"मुद्दाम लांबवतायत हरामखोर," लायनस म्हणाला, आणि मला बघून जीभ चावली. "माफ कर ओटी. पण लांबवतायत."

"तूही लांबवतोयस," मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. माझा आवाज लहान आहे, मंडळींच्या गलक्यात तो बुडून जातो. मी पुन्हा म्हणाले. मग तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा नेमके सगळे एकदम गप्प झालेले होते, त्यामुळे ते फारच मोठ्याने म्हटल्यासारखं झालं.

लायनसने पाणी प्यायचं थांबवलं. "मी असाच टाकतो. मला दुसरं येत नाही."

"येतं तुला," मी म्हणाले. "ढग आलेत असं समज. गवत अजून शेतात पडलंय."

त्याने वर बघितलं. आभाळ स्वच्छ होतं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं.

याचा अर्थ सांगायला हवा. आमच्या आईने जपमाळ एक दिवस चुकवली नाही, आणि आम्हालाही चुकवू दिली नाही. जपमाळ दोन तोंडांनी चालते. एकाने "नमो मरिया" सुरू करायचं, अर्ध्यावर थांबायचं, आणि बाकीच्यांनी "पवित्र मरिये, देवमाते" म्हणत उरलेलं पुरं करायचं. एरवी आई ती शांतपणे म्हणायची. पण उन्हाळ्यात कापलेलं गवत वाळत पडलेलं असायचं आणि पश्चिमेला काळे ढग उठायचे. अशा वेळी आम्ही गवत गाडीत भरता भरताच तिची माळ सुरू व्हायची. एक मणी गाळायचा नाही, एक शब्द खायचा नाही, फक्त मधला श्वास काढून टाकायचा. तिचा अर्धा भाग संपतोय तोच आमचा सुरू, आमचा संपतोय तोच तिचा. गवत उचलायचे लांब काटे त्या तालावर चालायचे आणि गवत भिजण्याआधी कोठारात पोचायचं. गावातल्या प्रत्येक घरात ही अशी गवताच्या दिवसांची माळ होती. आमच्या घरातली सगळ्यात भरधाव होती, एवढंच.

"आईची माळ?" लायनस म्हणाला.

"आईची. सेव्हरिनने चेंडू परत फेकला, तो झाला पहिला अर्धा. तो तुझ्या हातात पडला की तुझा अर्धा सुरू."

"टोपी?"

"टोपी राहू दे डोक्यावर. तिथेच असते ती."

"मला कुणी सांगेल का हे काय चाललंय?" सेव्हरिन म्हणाला. "आणि मग खुणा कधी करायच्या मी?"

"करायच्याच नाहीत," लायनस म्हणाला. आता तो उठून उभा राहिला होता. "या डावात सरळ, सरळ, वळणारा. पुढच्या डावात वळणारा, सरळ, हळू. क्रम लक्षात ठेव आणि घे. आणि नेम फलंदाजापुढच्या पाटीच्या मधोमध. मारू देत त्यांना. मागे सात जण काय गाजरं उभी आहेत?"

"मध्ये टाकलंस तर मारतील रे."

"मारायला आधी तयार तर होऊ देत."

सहाव्या डावातला हार्टविकचा पहिला फलंदाज बॅट घेऊन आला, नेहमीसारखी बॅटने बुटांवरची माती झटकायला लागला आणि जागेवर उभा राहिला. मी मनात माळ म्हणायला सुरुवात केली होती. पहिला चेंडू सेव्हरिनच्या हातमोज्यात आदळला तेव्हा फलंदाज अजून पाय रोवत होता. सेव्हरिनने परत फेकला, लायनसने झेलला आणि त्याच हाताच्या ओघात दुसरा टाकला. फलंदाजाने घाबरून बॅट घातली. चेंडू गडगडत मास्तरांकडे गेला, मास्तरांनी पहिल्या बेसवर, म्हणजे फलंदाजाने धावत गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, त्याच्या आधी पोचवला, आणि एक जण बाद. दुसऱ्याने पहिलाच चेंडू उंच उडवला आणि झेल दिला. तिसरा तीन स्ट्राइकमध्ये, म्हणजे तीन चेंडू वाया घालवून, गेला आणि परत जाताना ओस्करला म्हणाला, "मी अजून उभाही राहिलो नव्हतो."

लिओकाडियाने हातातलं विणकाम खाली ठेवलं. "संपला डाव?"

"संपला," मी म्हणाले.

"मी दोन टाके घातले गं."

मला दिसत होतं ते हे, की नुसता लायनस बदलला नव्हता. एरवी त्याच्या मागे उभे असलेले आमचे लोक कंटाळून कमरेवर हात ठेवून गव्हाचे भाव बोलत असायचे. आता सगळे गुडघे वाकवून, पुढे झुकून, चवड्यांवर उभे होते. स्वतःच्या गाईंच्या दुधाचं चीज बनवणारा जाडा विलिबाल्ड दुसऱ्या बेसपाशी असा नाचत होता, की त्याची बायको तोंडाला पदरासारखा एप्रन लावून हसत होती.

ओस्करला लगेच कळलं. तो काही मूर्ख नव्हता. सातव्या डावात त्यांचा फलंदाज दर चेंडूला हात वर करून वेळ मागायला लागला. अंपायर होता याकोब हेस, शेजारच्या गावचा, कमी बोलणारा माणूस. त्याने दोनदा वेळ दिला. तिसऱ्यांदा फलंदाजाने हात वर केला तेव्हा तो म्हणाला, "नाही."

"माझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय."

"दुसरा उघडा ठेव."

मग आमची फलंदाजी आली आणि त्यांच्या पिचरने चेंडू हातात घेऊन उभं राहायला सुरुवात केली. याकोबने खिशातून घड्याळ काढलं.

"वीस सेकंदांत टाकायचा. नियम आहे."

"हा नियम आजवर कुणी लावलाय?" ओस्कर बाकावरून म्हणाला.

"मी. आत्ता."

"याकोब, तू दोघांना सारखं वागवायला हवंस."

"वागवतोच आहे. माझ्याही अठरा गाई आहेत ओस्कर. त्या कुठल्या संघाची बाजू घेत नाहीत."

त्यांच्या पिचरला घाई झेपली नाही. तो जन्मात घाईने टाकायला शिकला नव्हता, त्याच्या आयुष्यात गवत कधी भिजलं नव्हतं. त्याने न्हाव्याला चार चेंडू बाहेर टाकून पहिला बेस फुकट दिला. मास्तरांनी त्याला दुसऱ्यावर सरकवला आणि सेव्हरिनने उजवीकडे, कुंपणाच्या अलीकडे, असा काही फटका मारला की न्हावी हात हलवत पाटीपर्यंत धाव पुरी करून आला. तीन-दोन. लिओकाडियाने मला इतक्या जोरात मिठी मारली की माझी हॅट मागच्या बाईच्या मांडीवर पडली.

आठवा डाव असा गेला की मला सांगण्यासारखं काही उरलं नाही.

नवव्या डावाच्या सुरुवातीला गाई आल्या. मैदानाच्या कुंपणापलीकडे आमचंच कुरण आहे. रोज त्या वेळेला त्या गोठ्याच्या फाटकाशी जमतात. त्या दिवशी फाटकाशी कुणी दिसेना, म्हणून त्या आमचा आवाज ऐकून कुंपणाशी आल्या, चौदाच्या चौदा, आणि तारेवरून माना काढून लायनसकडे बघायला लागल्या. मग पहिली हंबरली. मग सगळ्या.

"पाच मिनिटं," मास्तर मैदानातून ओरडले.

आता हार्टविकचे तीन जण बाद झाले, की सामना आमचा. पण तीन बाद व्हायच्या आत पाच वाजले, तर आमचे सहा जण निघाले, आणि त्यांत लायनस पहिला. मला तो ठाऊक होता. खांदा गेला, स्पर्धा गेली तरी तो गाईंना ताटकळत ठेवणार नाही.

पहिला बाद झाला. दुसऱ्याने मारला आणि दुसऱ्या बेसपर्यंत पोचला. तिसरा बाद. चौथा आला तो त्यांचा सगळ्यात धिप्पाड, खाणीत घण मारणारा. त्याला दोन चेंडूंत ताल सापडला असावा. लायनसचा सरळ चेंडू त्याने असा मारला की तो रेषेच्या जेमतेम बाहेर पडून पहिला स्ट्राइक ठरला, नाहीतर ट्रकांच्या पलीकडेच गेला असता. फक्त गाई बोलत होत्या.

"बाहेर ये," ओस्कर त्याला म्हणाला. "नाडी बांध. सावकाश."

फलंदाज एक पाय आखलेल्या चौकटीबाहेर काढून वाकला. त्याने वेळ मागितला नव्हता. लायनसच्या हातात चेंडू पडलाच होता आणि आमच्या घरात कुणी वाकलंय म्हणून माळ थांबत नसे. चेंडू पाटीवरून सरळ गेला. याकोबने हात वर केला. स्ट्राइक, दुसरा.

"हे बरोबर नाही," फलंदाज म्हणाला.

"उभा राहा मग," याकोब म्हणाला.

तो उभा राहिला. आता त्याला हलायची भीती वाटत होती. पुढचा चेंडू वळणारा होता. त्याने मारला तो जोरातच मारला, जमिनीलगत, पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून निसटण्यासारखा. एरवी विलिबाल्डने त्याच्याकडे नुसतं सहानुभूतीने बघितलं असतं. पण तो चवड्यांवर होता. तो आडवा पडला, म्हणजे अक्षरशः चीजच्या चाकासारखा पडला, आणि धुळीतून त्याचा हात चेंडूसकट वर आला. बसल्या बसल्याच त्याने पहिल्या बेसवर फेकला. फलंदाज अजून दोन ढांगा दूर होता.

माझी माळ तिथेच थांबली. मी "आमेन" म्हणाले, ते बहुधा मोठ्याने.

मग जे झालं ते गावात अजून सांगतात. लोक ओरडत, टोप्या उडवत मैदानात धावले, आणि मैदानात लायनसला उचलून घ्यायला लायनस नव्हता. सहाही जण कुंपणावरून उड्या टाकून, ट्रक चालू करून पसार झाले होते. हार्टविकवाले रीतीप्रमाणे हात मिळवायला ओळीने आले तेव्हा समोर बेकरीवाला, मास्तर आणि न्हावी उभे होते. सेव्हरिनने सहा जणांचे म्हणून हात पुन्हा पुन्हा मिळवले.

मी गोठ्यात पोचले तेव्हा लायनस खेळाच्याच कपड्यांत ब्रूनी गाईखाली बसला होता. दोघांनी काही बोलायच्या आधी मी दुसरं स्टूल घेतलं. बादलीत दुधाच्या धारांचा आवाज सुरू झाला. थोड्या वेळाने मला कळलं की तो गाईच्या पोटाला कपाळ टेकून रडतोय आणि हसतोयही. मी तिकडे बघितलं नाही.

दारात सावली पडली. ओस्कर होता.

"हात मिळवायचा राहिला होता," तो म्हणाला.

"माझे भरलेत," लायनस म्हणाला. "बस."

ओस्कर उभाच राहिला, आत बघत. मग त्याने कोट खुंटीला अडकवला, बाह्या वर केल्या, कोपऱ्यातलं तिसरं स्टूल न विचारता घेतलं आणि माझ्या रांगेतल्या पुढच्या गाईपाशी बसला. फडकं ओलं करून कास पुसली. पहिल्या दोन धारा बाजूला सोडल्या. तो काही विसरला नव्हता.

"मी बाबांना सांगितलं होतं, परत कधी बसणार नाही म्हणून," तो म्हणाला.

"त्यांना सांगत नाही आम्ही," मी म्हणाले.

"ते घाईने टाकायचं कुठून काढलंस रे?" त्याने लायनसला विचारलं.

"हिला विचार."

ओस्करने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले की चर्चच्या फादरना आधी विचारायला हवं, मगच सांगेन. जपमाळ अशी खेळाला जुंपावी का, याची मला खरंच थोडी शंका होती. पुढे फादरना सांगितलं तेव्हा ते इतके हसले, की त्यांना चष्मा काढावा लागला, पण ते नंतरचं.

मग ओस्करने विचारलं, "राज्य स्पर्धा किती दिवस आहे?"

"शुक्रवार ते रविवार," लायनस म्हणाला. त्याच्या आवाजात सुख इतकं होतं की गाईनेही मान वळवली.

"आणि दूध कोण काढणार?"

लायनसचे हात थांबले. त्याने ब्रूनीच्या पाठीवरून माझ्याकडे बघितलं. इतके उन्हाळे त्याने एकच गोष्ट मागितली, मी रोज ती पोचवली, आणि आम्हा दोघांपैकी एकालाही हा प्रश्न कधी सुचला नव्हता. मला हसू यायला लागलं. गोठ्यात मी हसत नाही, गाई बिचकतात. पण मला थांबताच येईना. लायनसही हसायला लागला, तशी ब्रूनी बिचकून, पान्हा चोरून पाय आपटायला लागली.

"मी करीन चौदा," मी डोळे पुसत म्हणाले.

"एकटी? सकाळ-संध्याकाळ?" ओस्कर म्हणाला. "मी येतो. खाणीत शुक्रवारी दुपारीच सुटी होते."

"हा घाईघाईने काढून कासा बिघडवील," लायनस म्हणाला.

"मी किती वेळ लावू शकतो," ओस्कर म्हणाला, "ते तू आज दिवसभर बघितलंस."

ओस्करची गाय झाली. त्याने बादली उचलली आणि पुढची कुठली म्हणून माझ्याकडे बघितलं. मी कोपऱ्यातल्या लालीकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की उजवीकडून बस, पण जपून, ही लाथ मारते.

"माहीत आहे," तो म्हणाला. "हिच्या आजीनेही मारली होती."